डिस्कच्या पलीकडची खोली

१

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. सुटलो की थेट ताईकडे जायचं, तिच्या हातचं जेवायचं, नळ गळत असेल तर वायसर बदलायचा आणि तिची बोलणी खाऊन घरी यायचं, हा दाजी गेल्यापासूनचा माझा शिरस्ता. मी विम्याच्या कचेरीत कारकून आहे, पण जीव सगळा जुन्या कॉम्प्युटरांत. लोक ज्याला भंगार म्हणतात ते मी घरी आणतो, उघडतो आणि चालू होईपर्यंत सोडत नाही. बायको म्हणते, या माणसाला नवीन वस्तू दिली तर ती जुनी व्हायची वाट बघत बसेल. ताई मला लहानपणापासून खटपट्या म्हणते. दोघींचंही खरं आहे.

त्या शनिवारी ताई चक्क हसत होती. लेकीकडे जायला ती एकदाची तयार झाली होती. माझी भाची दूर देशात राहते, तिचे दिवस भरत आलेले, आणि रोज फोनवर एकच घोशा, आई तू ये. दाजी गेल्यापासून ताईने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता म्हटलं तरी चालेल. धड जेवायची नाही, कुणात मिसळायची नाही. लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने का होईना, ही या घरातून बाहेर पडतेय याचाच मला आनंद होता. तिकीट आलं होतं, बॅग माळ्यावरून खाली आली होती. ऐन वेळी ही पाय मागे घेईल एवढाच घोर होता.

"माझं एक काम कर," ताई म्हणाली. "ह्यांनी काढलेला आपल्या घराचा नकाशा त्या डब्यात आहे. तेवढा छापून दे. तो बॅगेत पडला की मी निघाले समज."

डबा म्हणजे दाजींचा कॉम्प्युटर. दाजी नकाशे काढायचे. बिल्डरच्या ऑफिसात बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं कागदावर उभी केली, आणि घरी आल्यावर पॅसेजच्या टोकाच्या खोलीत याच डब्यावर स्वतःचं घर पुन्हा पुन्हा काढलं. कपाट सरकवलं तरी नकाशात सरकवायचे. डबा कधीचाच म्हातारा झाला होता, पण तो बदलायचं नाव काढलं की चिडायचे. त्यात दोन हार्डडिस्क होत्या. पहिलीवर मशीन चालायचं, दुसरीवर नकाशे असायचे.

"दुसरी डिस्क सापडत नाही म्हणतोय मेला," ताई म्हणाली. "सकाळपासून बसलेय."

"तू बाजूला हो," मी म्हणालो. "हे माझं खातं आहे."

२

डबा उघडला. आत एवढी धूळ होती की मला शिंकांवर शिंका आल्या. मग रीतीप्रमाणे एकेक करत गेलो. केबल घट्ट बसली होती. वीज पोचत होती. डिस्कच्या मागे बारीक पिना असतात आणि त्यांवर नखाएवढी टोपी बसवलेली असते, तिला जम्पर म्हणतात. पहिली डिस्क कोण आणि दुसरी कोण हे मशीनला त्यावरून कळतं. तोही जागच्या जागी होता.

घोटाळा निघाला सेलमध्ये. आतला छोटा सेल संपला की असली मशिनं, पहिल्या डिस्कखेरीज आपल्याला काय काय जोडलंय तेच विसरून जातात. मग चालू करताना दर वेळी हाताने सांगावं लागतं, की बाबा रे, तुला दुसरी डिस्क आहे आणि ती एवढी मोठी आहे. डिस्कवर गोल गोल रिंगणं असतात, त्यांचा आकडा टाकायचा. आकडा डिस्कच्या लेबलवर असतो. या लेबलचा भुगा झाला होता.

आम्हा छंदिष्टांची अशा वेळची एक खोड आहे. आकडा माहीत नसला की भरमसाट मोठा सांगून बघायचा. मशीन शेवटच्या रिंगणापलीकडे जायला जातं, डिस्कमधलं वाचणारं डोकं कडेला आपटतं, टक् असा आवाज होतो आणि मशीन तक्रार करतं. मग आकडा खाली आणत जायचं. जास्त सांगायचं आणि ते नाही म्हणेल तिथे थांबायचं. आजवर कधी काही बिघडलं नव्हतं.

मी आकडा टाकला. डिस्क फिरू लागली. टक् झालं.

मी तक्रारीची वाट बघत बसलो, पण मशीन काही बोललं नाही. डिस्क पुढे फिरतच राहिली. जरा वेळाने आणखी एक टक् ऐकू आलं, मऊ, शेजारच्या घरात कुणी काही ठेवावं तसं. आणि पडद्यावर दुसरी डिस्क आली. तिच्यात एकच फाईल होती, तिचं नाव 'घर'.

"बघ," मी ताईला म्हणालो. "उगाच नाही मला खटपट्या म्हणत."

नकाशा उघडला. जुनं मशीन, एकेक रेघ सावकाश ओढत होतं. बैठकीची खोली आली, स्वयंपाकघर आलं, पॅसेज आला, आम्ही बसलो होतो ती खोली आली. ताई पदराचं टोक तोंडाशी धरून बघत होती. मला वाटलं संपलं. पण रेघा थांबल्या नाहीत. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक दार उमटलं आणि दारापलीकडे एक चौकोनी खोली.

"ही कुठली रे?" ताईने विचारलं.

"वाढवायचा विचार असेल त्यांचा."

"मला कधी बोलले नाहीत."

वाढवायला मुळात जागाच नव्हती. त्या भिंतीमागे चिंचोळी बोळ आहे, सांडपाण्याचा पाईप जातो तेवढी, आणि लगेच शेजाऱ्यांची भिंत. तिथून मांजरसुद्धा अंग चोरून जातं. पण म्हटलं, दाजी काय, रिकाम्या वेळात मनचे मांडे खात बसले असतील. नकाशात दार दाखवताना पाव वर्तुळ काढतात, त्यावरून ते कुठल्या बाजूला उघडतं ते समजतं. हे दार पलीकडे उघडणारं होतं.

प्रिंटरची रिबन वाळून खडखडीत झाली होती. नवीन घेऊन येतो म्हणालो आणि निघालो.

३

रिबन मिळायला दोन-तीन दुकानं पालथी घालावी लागली. ती घेऊन गेलो, मशीन चालू केलं, तोच आकडा टाकला, नकाशा उघडला. त्या खोलीत आता एक पलंग होता.

"हा मागच्या वेळी माझ्या लक्षात आला नव्हता," मी म्हणालो.

"लक्षात यायला तो नव्हताच," ताई म्हणाली.

नकाशा छापला. कागद बाहेर आला तर त्यावर मागची भिंत सरळ, अखंड. ना दार, ना खोली. मी पुन्हा छापला. पुन्हा तेच. पडद्यावर खोली, कागदावर भिंत. मी म्हणालो, जुना प्रिंटर आहे, कडेचं कापत असेल. बोलताना माझं मलाच पटत नव्हतं, कारण खोलीच्याही पलीकडे असलेली कागदाच्या कडेची चौकट त्याने व्यवस्थित छापली होती.

"हा अर्धाच आहे," ताई म्हणाली आणि कागद तिने टेबलावर ठेवून दिला. "मला पुरा पाहिजे."

घरी येऊन मी सर्जनला फोन लावला. हा माझा मित्र. मेलेल्या डिस्क उघडून जिवंत करतो म्हणून आम्ही सगळे त्याला सर्जन म्हणतो. मी त्याला डिस्कचं मॉडेल सांगितलं, आकडा सांगितला. तो हसायलाच लागला.

"त्याच्या निम्मीसुद्धा रिंगणं नाहीत रे तिच्यात. तू सांगतोस तिथे डिस्कच नाही."

"पण फाईल उघडते."

"मग ती अलीकडे कुठेतरी असेल. आकडा खाली आण आणि बघ."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गेलो. सर्जनने सांगितलेला खरा आकडा टाकला. डिस्क दिसली, पण पूर्ण कोरी. डिस्कवर काय कुठे आहे हे चौकटी-चौकटींनी दाखवणारा एक प्रोग्राम माझ्याकडे असतो, तो चालवला. खऱ्या आकड्याने सगळ्या चौकटी रिकाम्या दिसल्या. माझ्या खोट्या आकड्याने डिस्क जिथे संपते तिथपर्यंत रिकाम्या, आणि त्यापुढे भरलेल्या. मी बघत असतानाच आणखी एक भरली.

मी काही लिहीत नव्हतो. ताई स्वयंपाकघरात होती.

४

त्यानंतर ताईचं बॅग भरणं थांबलं. अर्धी भरलेली बॅग पॅसेजमध्ये उघडी पडून असायची. मी गेलो की ताई मागच्या खोलीत, डब्यासमोर. मशीन ती बंदच करेना. म्हणायची, बंद केलं की तो आकडा पुन्हा टाकावा लागतो, मला जमत नाही. जेवणं पुन्हा विस्कटली. पण आधीची ताई सुतक धरल्यासारखी असायची. ही मजेत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"खुर्ची ठेवली आज," ती सांगायची. "पलंग भिंतीकडे घेतला. ह्यांना भिंतीकडेच लागतो."

"ताई, ते दाजी नाहीत."

"मग कोण आहे?"

मला काय माहीत कोण आहे. पण मला एक गोष्ट माहीत होती आणि तिलाही होती. दाजी बिनखिडकीची खोली काढायचे नाहीत. बिल्डरशी त्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं. साहेब म्हणाले तरी यांनी कोठीलासुद्धा हवेची जाळी काढल्याशिवाय नकाशा हातावेगळा केला नाही. या खोलीला खिडकी नव्हती. चारही बाजूंनी जाड रेघ आणि मध्ये ते एक दार. हे मी तिला सांगितलं.

"पुढे काढतील," ताई म्हणाली.

आवाजाचं सांगायचं तर डिस्कची टक् मी हजारदा ऐकली आहे. पण आता ती झाली की जरा थांबून भिंतीतून दुसरी यायची. मी कान लावला. भिंत नेहमीसारखी गार होती. पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, फरशीवर, ओढत. पाईपात काहीतरी अडकलं असेल म्हणून मी बाहेर बोळीत जाऊन आलो. पाईप होता, शेवाळ होतं, बाकी काही नाही. मग टेप आणून घर मोजलं, आधी आतून आणि मग बाहेरून. मापं तंतोतंत जुळली. जुळली नसती तर बरं वाटलं असतं. निदान कुठे काय चुकलंय ते दाखवता आलं असतं.

त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आई काय म्हणतेय? तयारी झाली ना? तिला घेऊन ये रे तू विमानतळावर, ती एकटी निघायची नाही. मला भीती वाटते, ती नसली तर."

"मी आहे ना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

५

शेवटी मी डिस्क काढून न्यायची ठरवली. ताई आडवी येईल, रडेल, असं वाटलं होतं. ती दारात हाताची घडी घालून शांत उभी राहिली.

"ने की," म्हणाली. "तुझं समाधान होऊ दे."

"तू लेकीकडे जाणार आहेस, ताई. कबूल केलंयस."

"मी कधी नाही म्हटलं? जाणारच आहे. पोरीला दिलेला शब्द मी मोडेन का?"

मशीन बंद केलं, केबल उपटली, डिस्क फडक्यात गुंडाळून थेट सर्जनकडे गेलो. त्याने ती टेबलावर घेतली, वीज दिली, कानाशी धरली, हलवली. मग झाकण उघडलं. दिवा जवळ ओढून आत वाकून बघितलं.

"कुठून आणलीस ही?"

"सांगितलं ना, ताईच्या मशीनमधून. आत्ता सकाळपर्यंत चालत होती."

"अरे, हिचं डोकं चकतीला चिकटून बसलंय. गंज चढलाय. ही फिरलेलीच नाही, कित्येक वर्षांत नाही." त्याने बोटाने चकती ढकलली. ती हलली नाही. "दुसरी कुठली तरी उचलून आणलीस तू."

मी दुसरी कुठली आणणार होतो? त्या डब्यात दोनच डिस्क होत्या आणि एकीचं काय चाललंय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. सर्जन म्हणाला, जरा सुट्टी घे, झोप घे. त्याचा काही दोष नाही, मीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

ताईकडे परत गेलो तेव्हा बाहेरूनच मशीनचा आवाज आला. ताई खुर्चीत बसली होती. डब्याचं झाकण मी लावलंच नव्हतं, आत दुसऱ्या डिस्कची जागा रिकामी होती, केबलचं टोक नुसतं लोंबकळत होतं. पडद्यावर दुसरी डिस्क होती आणि तिच्यात 'घर'. टक् असा आवाज झाला. तो डब्यातून आला नाही.

"आकडा कुणी टाकला?" मी विचारलं.

"डब्याने विचारलाच नाही," ताई म्हणाली. "बघ ना, दुसरी खुर्ची ठेवलीय."

मी तिला हाताला धरून माझ्या घरी नेणार होतो, खरंच नेणार होतो. ती म्हणाली, उद्या दुपारी निघायचंच आहे, आज माझ्या घरात झोपू दे, बॅग भरायची आहे. माझ्यासमोर तिने साड्या घड्या घालून बॅगेत रचल्या, बाळासाठी शिवलेली दुपटी वर ठेवली. इतकी नीट वागत होती की माझा विश्वास बसला. बसला म्हणजे, मी तो बसवून घेतला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी घेऊन गेलो. बॅग पॅसेजमध्ये उभी होती, कुलूप घातलेली, वर पासपोर्टचं पाकीट. स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातली होती. ताई कुठे दिसेना.

"ताई, चल. गाडी उभी आहे."

"आले रे, थांब जरा."

अगदी रोजचा आवाज, कामात असली की देते तसा. मागच्या खोलीतून आला. मी गेलो तर खोली रिकामी. मी पुन्हा हाक मारली.

"आले रे, थांब जरा."

भिंतीपलीकडून.

मी टेबल ओढलं, भिंतीवर हात फिरवला, मुठी आपटल्या. ठणठणीत भिंत, साधा पांढरा रंग, कुठे भेग नाही. पडद्यावर नकाशा नव्याने काढला जात होता. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, पॅसेज. आमच्या मागच्या भिंतीपाशी रेघ आली आणि थांबली नाही, सरळ गेली. दार होतं तिथे आता भिंत होती. पलीकडच्या खोलीत पलंग होता, दोन्ही खुर्च्या होत्या, एक जरा बाजूला सरकवलेली. आणि त्या खोलीच्या दुसऱ्या अंगाने एक बोळ निघाली होती. रेघ तिकडे चालली होती.

"ताई," मी ओरडलो.

उत्तर आलं, पण वेळ लागला, आणि ते लांबून आलं. पडद्यावर बोळ वाढली होती. मी कान भिंतीला लावला. पावलं ऐकू येत होती, सावकाश, दूर जाणारी. ती एकाच माणसाची नव्हती.

मी काय करायला हवं होतं ते कुणी मला सांगावं. पहार आणून भिंत फोडली तर मागे पाईप, हे मला माहीत होतं. मी भिंतीला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. टॅक्सीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. थोड्या वेळाने तो निघून गेला असावा.

मग फोन वाजला. भाची होती.

"मामा, निघालात का रे? आई कुठेय?"

"निघतोय," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला तो गेला.

"किती बरं वाटतंय म्हणून सांगू. काल रात्री स्वप्नातसुद्धा आली होती. पाळणा आलाय आमचा. ह्यांनी जोडला आत्ताच."

पडद्यावरची बोळ आता नकाशाच्या कडेला गेली होती. तिथे नवीन खोल्या उमटू लागल्या. मी ते घर ओळखत नव्हतो. एक मोठी खोली, तिच्यात पलंग, पलंगाशेजारी एक छोटा लांबट चौकोन, कोपरे गोल केलेला.

"पाळणा कुठे ठेवलास?" मी विचारलं.

"माझ्या उशाशी, भिंतीला लागून. का रे?"

"त्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"पलीकडे?" ती हसली. "काही नाही मामा. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, पलीकडे नुसती हवा आहे."

रेघ त्या भिंतीशी पोचली होती. माझं बोट मशीनच्या बटणावर होतं. बंद केलं तर त्या बोळीत ताई होती, आणि बोळ नाहीशी झाली तर ती कुठे असेल हे मला माहीत नव्हतं. नाही केलं तर तिच्याबरोबर चालणारं जे कोण होतं तेही पोचणार होतं. भिंतीत दाराएवढी जागा मोकळी झाली. मग पाव वर्तुळ सुरू झालं, सावकाश, पाळण्याच्या बाजूला.

"पोरी, त्या खोलीतून बाहेर ये," मी म्हणालो. "आत्ता. काही विचारू नकोस."

फोनमध्ये टक् असा आवाज झाला.

"एक मिनिट हं, मामा," भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढा आनंद मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "आईची हाक आली."